गुडघ्याची वाटी जागेवर आली, मांडी मात्र भरली नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची, साताऱ्यात राहते. तीन वर्षांपूर्वी खो-खोच्या सामन्यात खांबाजवळ वळताना उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निखळली. पाय सरळ केल्यावर ती जागेवर आली. हाड मोडलं नव्हतं, ऑपरेशनची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. चार आठवडे लांब ब्रेस (गुडघा वाकू न देणारा पट्टा) आणि मग सहा आठवडे फिजिओथेरपी झाली. दुखणं थांबलं म्हणून तीही थांबवली. त्यानंतर वाटी पूर्ण निखळली नाही, पण दोनदा सटकल्यासारखी झाली. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसते आणि जिना उतरताना त्या पायावर भरवसा वाटत नाही. रोज सकाळी पाय सरळ ठेवून ३० वेळा उचलते, एकही दिवस चुकवत नाही. तरी मांडी भरत नाही. जिममधले सर म्हणतात, लेग एक्स्टेन्शन (यंत्रावर बसून घोट्यावरचं वजन पाय सरळ करत उचलणं) गुडघ्याला घातक. आई म्हणते, बैठका बंद आणि खाली मांडी घालून बसणंही बंद. आता उशीर झाला का? कोणता व्यायाम करू आणि किती दिवस? पुन्हा खो-खो खेळता येईल का?

उत्तर : उशीर झालेला नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, पुरेसं ओझं मिळालं तर तो तीन वर्षांनीच काय, साठीतही वाढतो. तुमच्या नेमात खोट नाही, कमी पडलंय ते वजन. दुखणं थांबलं आणि त्याबरोबर उपचारही थांबले, तिथेच गाडं अडलं. दुखणं काही आठवड्यांत थांबतं. ताकद परत यायला कित्येक महिने लागतात, आणि ती आपोआप येत नाही.

मांडी एवढ्या लवकर बारीक का झाली, ते आधी बघू. वाटी निखळते तेव्हा सांध्यात रक्त साठतं. सांधा फुगला की मज्जारज्जूतून क्वाड्रिसेप्सकडे जाणारा संदेशच दाबला जातो. मग कितीही मनापासून स्नायू आवळायला गेलात तरी तो पूर्ण आवळत नाही. निरोगी गुडघ्यात नुसतं सलाईन भरून हे तपासलेलं आहे. २० ते ३० मिलिलिटर भरलं की मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावतो, ५० ते ६० मिलिलिटरला बाकीचे भागही मंदावतात. वाटी निखळल्यावर याहून जास्त रक्त सहज साठतं. त्यावर चार आठवडे ब्रेस. म्हणजे स्नायूला आधी संदेश मिळेना आणि मग कामही मिळेना. पुढे सूज उतरली, पण तोवर शरीराला नवी सवय लागली होती. उभं राहताना भार डाव्या पायावर, खुर्चीतून उठताना जोर डाव्या पायाचा, जिना उतरताना उजवा गुडघा न वाकवता कंबर तिरकी करून खाली येणं. ही सवय वर्षानुवर्षं टिकते आणि उजवी मांडी आहे तिथेच राहते.

पाय सरळ उचलण्याचा व्यायाम वाईट नाही. तो पहिल्या काही आठवड्यांचा आहे, स्नायू पुन्हा जागा करायचा. त्यात उचललं जातं फक्त पायाचं वजन, आणि तेही बरंचसं खुब्याच्या पुढचे स्नायू उचलतात. पहिल्या महिन्यात ते ओझं जड होतं. आज तुम्ही ते ३० वेळा उचलता म्हणजे मांडीला त्याची फिकीरच उरलेली नाही. स्नायू वाढवायचा तर असं वजन हवं की ८ ते १२ वेळा उचलल्यावर पुढे जेमतेम दोनदाच नीट उचलता येईल. ३० वेळा सहज जमणारी गोष्ट रोज केली तर नेम राहतो, मांडी भरत नाही.

पण वजन उचलायच्या आधी एक काम आहे, आणि ते टाळू नका. दोनदा वाटी सटकल्यासारखी झाली, असं तुम्ही लिहिलंय. ही गोष्ट अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलीच पाहिजे. वाटी बाहेर निखळते तेव्हा तिला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध जवळजवळ नेहमीच फाटतो. तो भरून येतो, पण पुष्कळदा सैल भरतो. मजबूत मांडी हा सैलपणा काही प्रमाणात सांभाळून घेते, अस्थिबंध मात्र शिवून देत नाही. शिवाय काहींच्या मांडीच्या हाडावरची, वाटी ज्यातून सरकते ती खाच जन्मतःच उथळ असते. काहींची वाटी जरा वर बसलेली असते. काहींच्या नडगीवरचा, वाटीचा कंडरा (हाडाला चिकटणारा दोरीसारखा भाग) जिथे चिकटतो तो उंचवटा खाचेच्या मानाने बराच बाहेर असतो. हे अंतर २० मिलिमीटरहून जास्त असेल तर सर्जन ते गांभीर्याने घेतात. पहिल्यांदा वाटी निखळलेल्या आणि ऑपरेशन न झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाची ती पुन्हा निखळते. वय कमी असेल आणि यातली दोन-तीन कारणं एकत्र आली तर धोका बराच वाढतो. बाजूने आणि वाटीच्या खाचेचा असे दोन एक्स-रे आणि एक एमआरआय, एवढ्यावर हे कळतं. त्यातच हाडाचा किंवा कूर्चेचा (हाडावरच्या गुळगुळीत अस्तराचा) एखादा तुकडा सुटलाय का, तेही दिसेल. गुडघा मध्येच अडकत असेल, वाकवलेला सरळ होत नसेल, तर हा तपास लांबवू नका.

आता मापं. मापाशिवाय केलेला व्यायाम अंदाजपंचे होतो, आणि तीन वर्षं तेच झालंय.

आधी बघा स्नायू पूर्ण आवळतो का. जमिनीवर पाय सरळ पसरून बसा, मांडी आवळा आणि वाटीकडे बघा. ती दोन्ही पायांत सारखीच वर सरकायला हवी. मग टाच १५ सेंटिमीटर उचला. गुडघा किंचित जरी वाकला, उचलताना पोटरी आधी खाली झुकली, तर स्नायू शेवटपर्यंत आवळत नाही. तसं असेल तर आधी फिजिओकडे दोन-तीन आठवडे तेवढंच करून घ्या. गरज पडली तर विजेच्या हलक्या झटक्यांचं यंत्र लावून स्नायू आवळायला शिकवतात. हे न करता वजन लावलं तर ते काम खुबा आणि कंबर उचलतील.

दुसरं माप टेपचं. पाठीवर झोपा, पाय सैल सोडा. वाटीची वरची कड चाचपून तिथून बरोबर १५ सेंटिमीटर वर पेनाने खूण करा आणि तिथला घेर मोजा. टेप त्वचेला टेकेल इतकाच, रुतेल इतका नको. तीनदा मोजून सरासरी घ्या. दोन्ही पायांत एक सेंटिमीटरपर्यंत फरक असला तर मनाला लावून घेऊ नका, धडधाकट माणसांतही तो असतो. आणि टेपवर फार विसंबूही नका. घेरात चरबी येते, मागचे स्नायू येतात. घेर ५ टक्के कमी दिसला तरी ताकद ३० टक्के कमी असू शकते.

खरं माप ताकदीचं. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनवर एका पायाने नीट १० वेळा उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन शोधा, आधी डाव्या पायाचं, मग उजव्याचं. उजव्याचा आकडा भागिले डाव्याचा गुणिले शंभर. डावा २० किलो आणि उजवा १२ किलो असेल तर तुमचा पाय ६० टक्क्यांवर आहे. खूण गाठायची ती ९० टक्क्यांची. जिम नसेल तर ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते), हात छातीवर बांधा आणि एका पायावर किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. एकदाही जमलं नाही तर खुर्चीवर उशा रचून उंची वाढवा आणि ती उंची लिहून ठेवा. या हिशेबात एक खोच आहे. तीन वर्षांत खो-खो सुटला तसा डावा पायही कमजोर झालाय. त्यामुळे ९० टक्के हे कमजोर डाव्याच्या मानाने आलेले ९० टक्के असू शकतात. म्हणून दर सहा आठवड्यांनी दोन्ही पाय नव्याने मोजायचे. डाव्याचा आकडा वाढत गेला तर उजव्यालाही नवा पल्ला मिळतो, आणि ते चांगलंच.

जिममधल्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. लेग एक्स्टेन्शनमध्ये वाटीखालच्या कूर्चेवर ताण येतो तो मुख्यतः पाय सरळ होत येतो तेव्हा, शेवटच्या ४५ अंशांत. ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात तो कमी असतो (पाय सरळ म्हणजे शून्य अंश, काटकोनात वाकलेला म्हणजे ९०). लेग प्रेसचं (यंत्रावर बसून तळव्याने वजनाची पाटी ढकलण्याचं) आणि बैठकांचं नेमकं उलटं. त्यात पाय सरळपासून ४५ अंशांपर्यंत वाकवला तर ताण कमी, खोल जाल तसा जास्त. म्हणून दोन्ही करायचे, प्रत्येकाचा सोयीचा अर्धा भाग घेऊन. दुसरं कारण वाटीच्या स्थैर्याचं. पाय सरळ असताना वाटी खाचेच्या वर, जवळजवळ मोकळी असते. २० ते ३० अंश वाकल्यावर ती खाचेत बसते. ती निखळते तीही बहुधा त्या मोकळ्या टप्प्यात, तळवा जमिनीवर रोवलेला आणि मांडी आत वळलेली असताना. खांबाजवळ तुमचं हेच झालं. सुरुवातीला तिथे जड वजन नको. लेग एक्स्टेन्शन सोडून देणं मात्र चुकीचं, कारण क्वाड्रिसेप्सला एकट्याला काम देणारा तोच एक व्यायाम आहे. बैठकीत आणि लेग प्रेसमध्ये कुल्ल्याचे स्नायू कधी काम वाटून घेतात, ते कळतही नाही.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. रोज नको. स्नायू विश्रांतीत वाढतो.

आधी १० मिनिटं सायकल, सीट उंच ठेवून. मग लेग एक्स्टेन्शन एका पायाने. यंत्राचा दांडा ज्या खिळ्यावर फिरतो तो गुडघ्याच्या रेषेत यावा, गादी घोट्याच्या वर दोन बोटं. ९० अंशांतून सुरू करून निम्म्यात थांबा. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पहिले चार आठवडे १५ वेळांचे तीन सेट, पुढचे आठ आठवडे १० वेळांचे चार सेट. दोन सेटमध्ये पूर्ण दोन मिनिटं थांबा. घाईत केलेला तिसरा सेट वाया जातो. बहुतेक यंत्रांवर ठोकळे पाच-पाच किलोंचे असतात. उजवा पाय १० किलोंवर असेल तर पुढची पायरी थेट १५ ची, म्हणजे एकदम दीडपट, आणि अनेकांचं घोडं इथेच अडतं. मधल्या टप्प्यासाठी घोट्याला बांधायची एक आणि दोन किलोंची वजनं घ्या. वजन वाढवायचा नियम साधा : सलग दोन दिवस शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोनदा जास्त उचलता आलं तर ५ ते १० टक्के वाढवा, नाहीतर आहे तिथे राहा. बारा आठवड्यांनी सूज किंवा दुखणं नसेल तर ४५ अंशांच्या पुढे दर आठवड्याला थोडं थोडं सरकत पूर्ण सरळपर्यंत जा.

मग लेग प्रेस, तोही एका पायाने. दोन्ही पायांनी केलात तर डावा पाय गुपचूप जास्त ढकलेल आणि पाटीवरचा आकडा तुम्हाला फसवेल. सुरुवातीला ४५ अंशांपर्यंत, दोन महिन्यांनी ६० ते ७० अंशांपर्यंत वाकवा. वर गेल्यावर गुडघा लॉक करू नका.

तिसरा व्यायाम पायरी उतरण्याचा. तुमच्या जिन्याच्या भीतीवरचा उपाय हाच आहे, आणि यात चुकाही सगळ्यात जास्त होतात, म्हणून सविस्तर लिहितो. जिममधला स्टेपर, म्हणजे उंची बदलता येणारा ठोकळा, १० सेंटिमीटरवर ठेवा. घरी पाट घेऊ नका, तो फरशीवर सरकतो. जिन्याची सगळ्यात खालची पायरी चालेल, पण ती बहुधा १५ ते १८ सेंटिमीटरची असते, म्हणून ती नंतर. उजवा पाय स्टेपरच्या कडेला, डावा हवेत पुढे. समोर आरसा हवा. आता तीन सेकंद मोजत उजवा गुडघा वाकवा, डाव्या टाचेने जमिनीला हलकंसं शिवा आणि वर या. टाचेवर भार टाकायचा नाही, खाली कागदाचा ग्लास ठेवलाय आणि तो चेपायचा नाही असं समजा. आरशात तीन जागा बघा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे जातोय की अंगठ्याच्या आत पडतोय? कमरेची डावी बाजू खाली झुकतेय का? आणि छाती पुढे झुकून भार मांडीवरून कुल्ल्यावर जातोय का? तिसरी चूक सगळे करतात, कारण तिने गुडघ्याचं काम हलकं होतं आणि व्यायाम जमल्यासारखा वाटतो. शेवटचा थोडा भाग धपकन होत असेल तर तेवढी उंची अजून तुमची नाही, कमी करा. १० वेळांचे तीन सेट तिन्ही दिवस स्वच्छ जमले की १५ सेंटिमीटर, मग २०, आणि त्यानंतर हातात डंबेल.

चौथा, एक पाय पुढे ठेवून खाली जाण्याचा, म्हणजे स्प्लिट स्क्वॉट, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून. खुब्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि एका पायावर ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून कंबर वर उचलणं. मांडी आत वळणं थांबवतात ते हेच स्नायू. पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणं. प्रत्येकी दोन-तीन सेट पुरेत.

सुरुवात नेहमी उजव्या पायाने करा, अंग ताजं असतं तेव्हा. उजव्याला ठरलेले तीन-चार सेट, डाव्याला दोन. डावा पाय सोडून देऊ नका. एका पायाने घेतलेल्या मेहनतीचा थोडा फायदा मज्जासंस्थेतून दुसऱ्यालाही मिळतो. घरीच करायचं असेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो आट्याची पिशवी टाकून पायरी आणि स्प्लिट स्क्वॉट करता येतात, आणि लेग एक्स्टेन्शन टेबलावर बसून घोट्याला वजन बांधून. चार-पाच महिन्यांनी ही वजनं पुरणार नाहीत, तेव्हा जिम गाठावी लागेल, हे आत्ताच धरून चाला.

‘वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू’ वेगळा वाढवून देतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पाऊल बाहेर वळवून पाय उचला, गुडघ्यांत चेंडू दाबा वगैरे. क्वाड्रिसेप्सचे चारही भाग एकाच नसेवर चालतात आणि एकत्रच आवळतात. त्यातला एकच भाग वेगळा काढून वाढवता येत नाही. आतला भाग बारीक दिसतो कारण तिथे चरबी कमी आणि स्नायू त्वचेलगत असतो. सगळा क्वाड्रिसेप्स वाढला की तोही भरतो. चेंडू दाबण्यात घालवाल ती दहा मिनिटं पायरीला द्या.

दुखलं तर? शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतचं दुखणं व्यायाम चालू असताना चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते गेलेलं असावं. मांडी दुखणं म्हणजे मेहनत लागली, ते चांगलं. वाटीच्या मागे किंवा कडेला टोचणं वेगळं. सूज मात्र अजिबात चालणार नाही, कारण सूज आली की स्नायू पुन्हा मंदावतो आणि त्या दिवशीची मेहनत वाया जाते. ती रोज सकाळी अशी तपासा : पाय सरळ ठेवून तळव्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूने खालून वर दोन-तीनदा निपटा, मग लगेच बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा निपटा आणि आतल्या खळग्याकडे बघा. तिथे हलकी लाट भरून आली तर सांध्यात पाणी आहे. मग दोन दिवस वजन बंद, आणि पुढच्या वेळी शेवटचं वाढवलेलं वजन मागे. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. गुडघा काय सांगतोय ते गोळीखाली ऐकू येत नाही. वजन वाढवलं की दर वेळी सूज येत असेल तर दंडाला बीपी मोजताना बांधतात तसा पट्टा मांडीला बांधून, एकदाच उचलता येईल अशा जास्तीत जास्त वजनाच्या २० ते ३० टक्क्यांवर करायचा एक प्रकार आहे. तो फक्त त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओकडेच करा, घरी नाही.

आहाराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. स्नायू वाढवायचा तर शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलो वजन असेल तर दिवसाला साधारण ६६ ते ८८ ग्रॅम. पोहे-चहा, पोळी-भाजी, वरण-भात एवढ्यात हे निम्म्यापर्यंतच जातं. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोया वडीत २५, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८, पेलाभर दुधात ८. सकाळच्या नाश्त्यातच २० ग्रॅम बसवलेत की दिवसाचा हिशेब जुळतो. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आईंची काळजी समजते, पण मांडी घालून बसणं कायमचं सोडायची गरज नाही. गुडघा पूर्ण वाकलेला असतो तेव्हा वाटी खाचेत घट्ट बसलेली असते, दाब मात्र जास्त असतो. धोका बसण्यात कमी, उठताना जास्त. एक पाऊल रोवून त्यावर अंग फिरवत उठलात तर गुडघा पुन्हा त्याच वळणावर जातो. उठताना आधी कुशीला वळा, दोन्ही हात टेकवा, डावं पाऊल समोर ठेवा आणि सरळ वर या. पंगतीला किंवा पूजेला बसाल तर २० मिनिटांनी पाय मोकळा करा. पहिले तीन महिने खोल, झपाट्याच्या बैठका नकोत. नंतर खुर्चीच्या उंचीपर्यंत, मग खाली, वजनाशिवाय. उकिडवं बसणं त्याच क्रमाने परत येईल.

पहिल्या तीन-चार आठवड्यांतच वजनाचे आकडे भराभर वाढतील. ती वाढ मुख्यतः नसांची, स्नायूला नीट संदेश मिळू लागल्याची. टेपवर फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, आणि नेमके याच काळात लोक कंटाळून सोडून देतात. उजवा पाय ६० टक्क्यांवर असेल तर ९० पर्यंत पोचायला सहा ते नऊ महिने धरा. पुढे आठवड्यातून दोनदा कायम. परीक्षा, लग्नसराई, भातलावणी अशा धावपळीत एकदाच जमलं तरी चालेल, पण वजन तेच ठेवायचं. सेट कमी केले तर ताकद काही महिने टिकते, वजन कमी केलं तर उतरते.

अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्त्याने चढायला आत्ताही हरकत नाही. उतरताना लहान पावलं आणि डाव्या हातात काठी. मोठे ट्रेक, जिथे तासभर सलग उतार आहे, ते २० सेंटिमीटरच्या पायरीवर वजन घेऊन १० वेळा स्वच्छ उतरता येऊ लागल्यावर. क्वाड्रिसेप्स चढण्यापेक्षा उतरताना जास्त राबतो आणि थकला की गुडघा आत पडतो. सुरुवातीच्या ट्रेकला वाटीच्या कडेने आधार देणारा नी-ब्रेस चालेल. रोज घरात मात्र घालू नका.

खो-खोचा विचार तज्ज्ञांनी एमआरआय पाहून हिरवा कंदील दिला तरच. उजवा पाय ८० टक्क्यांवर आला, सूज नसेल, तर सरळ रेषेत हलकं धावणं. ९० टक्के झाले, एका पायावरची लांब उडी दोन्हीकडे जवळपास सारखी पडली आणि कोणी वाटी बाहेर ढकलून पाहिली तर अंग आखडत नाही, मगच दिशा बदलणं. आधी रुंद वळणं, मग तिरकं धावणं, मग बसलेल्या जागेवरून उठून धावणं. खांबाला हात घालून वळणं सगळ्यात शेवटी, आधी निम्म्या वेगात, आणि तळवा रोवून न फिरता दोन-तीन छोटी पावलं टाकत. या क्रमाला दोन महिने द्या.

हे सगळं करून ताकद ९० टक्क्यांवर आली तरी वाटी सटकतच असेल, तर दोष मांडीत नाही, अस्थिबंधात किंवा हाडाच्या ठेवणीत आहे. तेव्हा आणखी वजन वाढवत बसू नका. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी कंडऱ्याचा नवा बंध बसवण्याचं ऑपरेशन होतं, गरज असेल तर नडगीवरचा उंचवटाही सरकवतात. त्यानंतर मांडी पुन्हा बारीक होते आणि पाय सरळ उचलण्यापासून सगळं नव्याने करावं लागतं. आधी ताकद कमावून ऑपरेशनला गेलेल्याची गाडी लवकर रुळावर येते, म्हणून तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली तरी ९० ते ४५ अंशांतलं लेग एक्स्टेन्शन आणि १० सेंटिमीटरची पायरी या आठवड्यापासूनच सुरू करा. वहीत तारीख, किलो आणि किती वेळा, एवढंच लिहा, आणि ती वही डॉक्टरांकडे घेऊन जा.